नकाशात न दिसणारे बौद्ध

एकाने विचारलंय की धर्मांच्या नकाशात महाराष्ट्रात बौद्ध का दिसत नाहीत. कारण बहुतेक नकाशे 'जिथे जो बहुसंख्य, तिथे त्याचा रंग' या नियमाने रंगवतात. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ८४.४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५.३ लाख महाराष्ट्रात, म्हणजे जवळपास ७७ टक्के. पण राज्याच्या लोकसंख्येत ते ६ टक्क्यांहूनही कमी, म्हणून रंग नाही. उलट लडाखमधल्या लेह जिल्ह्यात माणसं मोजकी, पण बौद्ध दोन तृतीयांश, म्हणून तो भलामोठा तुकडा रंगतो. टक्केवारीऐवजी ठिपक्यांचा नकाशा करा, एक ठिपका दहा हजार माणसांचा. विदर्भ-मराठवाडा लगेच उठून दिसेल.

जुन्या आकड्यांशी तुलना करताना जपून. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ला बौद्ध अडीच हजारांच्या आसपास, १९६१ला जवळपास २८ लाख. मधे १९५६ची नागपूरची दीक्षा आहे, जन्मदर नव्हे!

आणि २०११च्या जनगणनेत प्रगणकाच्या, म्हणजे घरोघरी माहिती नोंदवणाऱ्याच्या, तक्त्यात सांकेतिक क्रमांक सहाच धर्मांना होते. सरना, गोंडी वगैरे आदिवासी धर्मांचं नाव पूर्ण लिहायचं, क्रमांक द्यायचा नाही, असा नियम होता. मुख्य तक्त्यात ते सगळे 'इतर'मध्ये गेले.