कारागिरांच्या कंपनीच्या बोर्डावर डिझायनरनं बसावं का?

आरेखन_पुणे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात फुटवेअर डिझाइन करते, गेली सहा वर्षं बरंचसं काम कोल्हापूर-कागल भागातल्या चप्पल कारागिरांबरोबर. तिथल्या काही घरांनी मिळून प्रोड्युसर कंपनी (माल करणारेच जिचे सभासद आणि मालक असतात ती) काढलीय आणि मला बोर्डावर एक्स्पर्ट डायरेक्टर म्हणून बोलावलंय. आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पण दोन आठवडे झाले तरी हो म्हणवत नाहीये.

कारण सांगते. याआधी तीन वर्षं मी दुसऱ्या एका हस्तकलेच्या ट्रस्टवर होते. नऊ विश्वस्त, त्यात हातानं काम करणारी व्यक्ती एकच, साठीच्या एक मावशी. मिटिंग पुण्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी अकराला. मावशी आदल्या रात्रीच्या एसटीनं निघायच्या, दोन दिवसांची मजुरी बुडायची, तिकिटाचे पैसे मिळायचे पण मजुरीचे कधी नाही, आणि समोर ठेवलेले कागद सगळे इंग्रजीत. एकदा नवीन डिझाइनचं सॅम्पल टेबलावर फिरत होतं, पट्टा तळाला नुसता सोल्युशननं चिकटवलेला, टाका नाही. आम्ही सगळे रंगावर बोलत होतो. मावशींनी चप्पल हातात घेतली, टाच आणि चवडा एकमेकांना टेकेपर्यंत वाकवली, कानापाशी (पट्टा जिथे तळात शिरतो ती बाजूची पाकळी) अंगठा दाबला आणि म्हणाल्या, "हितनं उचकटणार. पंधरा दिवसांत." सगळे हसून पुढच्या विषयावर गेले. मिनिट्समध्ये (मिटिंगच्या लेखी नोंदीत) ते वाक्य आलंच नाही. माल गेला आणि महिन्याभरात त्यातला निम्मा परत आला, नेमका कानापाशी उचकटलेला.

मी त्या दिवशी गप्प बसले होते, ते अजून सलतं. त्यामुळे माझं मत असं झालंय की कारागिरांच्या नावानं चालणाऱ्या संस्थेत मतं कारागिरांचीच असावीत, आणि आमच्यासारख्यांनी बोर्डाबाहेर राहून, मागितली तरच मदत करावी. खुर्ची अडवू नये. तुम्हाला काय वाटतं?

हिशोबनीस

ताई, भावना समजली पण निष्कर्ष पटला नाही. मी सीए आहे, अशा सात-आठ कंपन्यांचं काम बघतो, त्यामुळे जरा रोखठोक लिहितो.

डायरेक्टर होणं हा मान नाही, जबाबदारी आहे. वार्षिक फॉर्म उशिरा भरला की एकेका फॉर्मला दिवसाला 100 रुपये लागतात, त्याला वरची मर्यादा नाही. सलग तीन वर्षं रिटर्न भरले नाहीत तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र. 2017 मध्ये सरकारनं अशा तीन लाखांहून जास्त डायरेक्टरांना एका झटक्यात अपात्र केलं, आठवत असेल. आता विचार करा, ज्या माणसानं विश्वासानं सही केली, ज्याला डीन नंबर (डायरेक्टरचा सरकारी ओळख क्रमांक) म्हणजे काय हे कुणी समजावलं नाही, त्याच्या डोक्यावर हे येतं. मी स्वतः एका विणकर काकांना ऑफिसात रडताना पाहिलंय, त्यांना वाटत होतं घर जप्त होणार. तसं होणार नव्हतं, पण त्यांना कोण सांगणार?

बोर्डावर खाती वाचता येणारी, बँकेशी भांडता येणारी, एक्सपोर्टच्या ऑर्डरमधली अट पकडता येणारी माणसं पाहिजेतच. कारागिरानं उत्तम चप्पल करावी. तिचा धंदा उभा राहतोय का हे बघणं वेगळं काम आहे. आणि कायद्यानं तुमची सोय आधीच केलीय, प्रोड्युसर कंपनीत 5 ते 15 डायरेक्टर असतात, बाहेरचे एक्स्पर्ट त्यांच्या एक पंचमांशापेक्षा जास्त घेताच येत नाहीत, आणि अध्यक्ष निवडताना त्यांना मत नसतं. म्हणजे दहाच्या बोर्डात जास्तीत जास्त दोन. तुम्ही बसलात तर खुर्ची कुणाची अडत नाही. बसा.

कापशीचं_पायताण

सीएसाहेब तुमचं सगळं बरोबर हाय पण एक वाक्य लागलं. "कारागिरानं उत्तम चप्पल करावी." हेच आमच्या आज्यापासनं सगळे सांगत आलेत.

मी चौथ्या पिढीतला. म्हशीचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावण्यापासनं ते तळ कापणं, शिलाई, वेणी, गोंडा, सगळं घरात बघितलंय. खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं शिवतो आम्ही. आता बघा जून 2025 मधी काय झालं. मिलानच्या शोमधी प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नावबी नाही. बोंब झाली, व्यापाऱ्यांच्या महाराष्ट्र चेंबरनं पत्र लिवलं, मग कंपनीनं मान्य केलं की हे भारतातल्या हस्तकलेवरनं घेतलंय. काही वकिलांनी मुंबई हायकोर्टात याचिका टाकली, ती जुलैमधी फेटाळली, का तर जीआयचे (म्हंजी त्या भागातल्या मालाच्याच नावाला मिळणाऱ्या कायदेशीर हक्काचे) नोंदणीकृत मालक तुम्ही नव्हं, दाद मागायची तर त्यांनी मागावी. आणि मालक कोण? दोन राज्यांची दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळं, आपलं संत रोहिदास आणि कर्नाटकाचं लिडकर. जीआय 2019 ला मिळाला, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात हाईत. पुढं डिसेंबरमधी प्राडाचा करार झाला त्योबी ह्या दोन महामंडळांशीच, 2000 जोड, एकेक 800 युरोच्या आसपास.

मी महामंडळाला नावं ठेवत नाही, करार झाला चांगलंच झालं, ट्रेनिंग मिळणार हाय, आमच्या पोरांना उपयोग होईल. पण माझं म्हणणं इतकंच की करार करताना ज्या टेबलावर बसतात तितं शिवणारा माणूस पाहिजे का नको? 800 युरोतला शिलाईचा दर किती ह्यो प्रश्न कोण इचारणार? सीए इचारंल? इचारलं तर मी पाया पडीन.

डिझायनर बाई, तुम्ही बाहेर राहा. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही बोलला की आमची माणसं गप्प बसत्यात, तुम्ही कितीबी चांगल्या असला तरी.

येवल्याचा_माग

इथे सगळे "कारागीर, कारागीर" म्हणतायत म्हणून विचारतो, कारागीर म्हणजे कोण?

आमच्या येवल्यात पैठणीचं बघा. एकाच्या घरात दोन माग, तो स्वतः आणि बायको बसतात. दुसऱ्याचे चाळीस माग, त्यावर मजुरीनं विणणारे बसतात, तो स्वतः गेल्या वीस वर्षांत मागावर बसलेला नाही, पण आडनाव तेच, जात तीच, आणि "विणकरांचा प्रतिनिधी" म्हणून सोसायटीवर निवडून येतो तोच. रेशीम त्यानं द्यायचं, जरीची तार त्यानं द्यायची, उचल त्यानं दिलेली, मग त्याच्या विरुद्ध मत कोण देणार? मी एका छोट्या सोसायटीत पाच वर्षं होतो. शंभर टक्के विणकर बोर्ड. मजुरी वाढवायचा ठराव त्या पाच वर्षांत तीनदा आला आणि तीनदा पडला. आमच्याच माणसांनी पाडला.

त्यामुळे मला तरी बाहेरचा माणूस हवा. ज्याचं देणं-घेणं गावात नाही असा. ताईंसारखा कुणी तिथे असता आणि त्यानं नुसतं "हे मिनिट्समध्ये लिहा" म्हटलं असतं तरी फरक पडला असता. ताई, तुम्ही त्या दिवशी गप्प बसलात ही चूक होती, खुर्चीवर बसलात ही नव्हती.

भुजवासी

वरच्या प्रतिसादाचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

मी मूळची साताऱ्याची, नोकरीनिमित्त कच्छमध्ये. इकडे कला रक्षा नावाची संस्था 1990 च्या दशकापासून आहे, भरतकाम करणाऱ्या बायकांची, तिच्या ट्रस्टींमध्ये सुरुवातीपासून कारागीर आहेत. म्हणजे हे होऊ शकतं, कुणी स्वप्नातलं बोलत नाहीये. पण ते एका खुर्चीनं झालेलं नाही, शिकवण्यावर वर्षानुवर्षं खर्च झालाय. नुसतं बोर्डावर नाव टाकून सोडलं तर ताईंच्या मावशींचं होतं तेच होणार.

दुसरं, वरच्या पातळीवर तर उरलंय काय? अखिल भारतीय हस्तकला मंडळ 1952 मध्ये सुरू झालं, कमलादेवी चट्टोपाध्याय अध्यक्ष. ते ऑगस्ट 2020 मध्ये बरखास्त केलं, हातमाग मंडळ त्याच्या आठवडाभर आधी. ऐन लॉकडाऊनमध्ये, जेव्हा कुणाकडे एक ऑर्डर नव्हती. दस्तकार या हस्तकलेच्या संस्थेच्या लैला तय्यबजींनी तेव्हा जाहीरपणे लिहिलं होतं की विणकर-कारागिरांचं म्हणणं सरकारपर्यंत थेट पोचायची ती एक अधिकृत जागा होती. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं की त्या मंडळावर तशाही राजकीय नेमणुका व्हायच्या, गेलं ते बरं झालं. मला हे अजिबात पटत नाही. नेमणुका वाईट असतील तर नेमणुका बदला ना, दार कशाला काढून टाकता?

हिशोबनीस

@कापशीचं_पायताण, ते वाक्य मी मागे घेतो. लिहिताना लक्षात आलं नाही, पण वाचलं तेव्हा कळलं. शिलाईचा दर विचारणारा माणूस टेबलावर पाहिजे, शंभर टक्के मान्य.

तरी जबाबदारीचा मुद्दा सोडत नाही. बहुमत कारागिरांचं असेल तर फाइलिंगचा खर्च, एक पार्टटाइम अकाउंटंट आणि पहिल्या वर्षी दर तिमाहीला मराठीतून खाती समजावण्याचा एक दिवस, हे बजेटमध्ये आधी धरा. नाहीतर तुम्ही त्यांना प्रतिनिधित्व देत नाही, खटला देताय.

वेणीवाली

इतका वेळ वाचत होते. घरच्या चपलेची वेणी मी घालते, सासूबाई घालायच्या, त्यांच्या सासूबाई घालायच्या. बकऱ्याच्या चामड्याच्या बारीक पट्ट्या काढायच्या, ओल्या असतानाच विणायच्या, सुकल्या की बोटं कापतात. एका जोडाच्या कामात निम्मे हात बायकांचे असतात. पण आमच्या गल्लीत कारागीर म्हणून ओळखपत्र कुणाच्या नावावर आहे बघा. नवऱ्याच्या. शेअर कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या. मग मत कुणाचं?

वरच्या दादांचा राग नाही, ते खरं लिहितात, पण "चौथ्या पिढीतला" असं ते लिहितात तेव्हा त्या चार पिढ्यांत आम्ही कुठे आहोत?

लिज्जतवाल्या बायकांचं लोकांना माहीत असतं, 1959 ला गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलं, आणि त्यांची 21 जणींची कमिटी अजूनही पापड लाटणाऱ्या बहिणींमधूनच येते. त्यांना कुणी म्हणालं नाही की तुम्ही उत्तम पापड लाटा आणि हिशेब आमच्याकडे द्या. म्हणजे म्हणालेही असतील, त्यांनी ऐकलं नाही.

डिझायनर ताईंनी बोर्डावर यावं असं माझं मत. कारण बोर्डावर सगळे पुरुष असतील तर माझा प्रश्न मांडायला तिथे बाई तरी असेल. पण येताना विचारायचं, सभासद यादीत बायका किती. शून्य असतील तर यायचं नाही.

कापशीचं_पायताण

वैनी, चुकलं. आमच्या घरात आई वेणी घालती, तिचं नाव कुठंच नाही, ना कार्डावर ना शेअरवर. आजच संध्याकाळी बोलतो घरात. खरंच बोलतो.

पण बाहेरच्यांबद्दल माझं मत तेच हाय. येवलेकर म्हणत्यात बाहेरचा माणूस मजुरी वाढवंल. आमच्याकडं बाहेरचा आला तो "मार्केट रेट" म्हणत आला आणि दर खाली आणून गेला.

येवल्याचा_माग

ते पण खरं असेल, मी नाही म्हणत नाही. माणूस बघून ठरवावं लागतं. पण निदान कायद्यात एक सभासद एक मत आहे, कुणाचे शेअर कितीही असोत, ते आमच्या चाळीस मागवाल्यांना रुचत नाही म्हणूनच मला आवडतं. फक्त मतदान गुप्त ठेवा. हात वर करून घेतलं की उचल घेतलेल्यांचे हात कुठे वर जातात ते मी पाहिलंय.

आरेखन_पुणे

सगळ्यांचं नीट वाचलं, काही प्रतिसाद परत परत. येवलेकर, तुमचं ते वाक्य बरोबर आहे, मी गप्प बसण्याचा दोष खुर्चीवर टाकत होते.

आज दुपारी कंपनीच्या अध्यक्षांना फोन केला. सभासद यादी विचारली. 64 सभासद, त्यात बायका 9. मी म्हटलं मी दोन वर्षांसाठी येते, एकदाच, पुन्हा नाही, पण आधी घरटी दुसरा शेअर बाईच्या नावानं घ्यायचा ठराव सभेपुढे आणा. आणि मिटिंग गावात, कागद मराठीत, आणि जो डायरेक्टर काम सोडून येईल त्याला त्या दिवसाची मजुरी, फक्त तिकीट नाही. अध्यक्ष थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले मजुरीचं लगेच होईल, शेअरचं जड जाईल. मी म्हटलं जड जाऊ दे, सभेपुढे तर आणा. कापशीचे दादा, दराच्या चर्चेत मी तोंड उघडणार नाही, हे लिहून देते. सॅम्पलबद्दल मात्र बोलणार, आणि मावशींसारखं कुणी काही म्हणालं तर ते मिनिट्समध्ये गेल्याशिवाय उठणार नाही.

सभा कधी ठेवायची हे मला विचारलंय. मी मे महिना म्हणाले.

वेणीवाली

मे नको ताई. मेमध्ये लग्नसराई, रात्री बारापर्यंत काम असतं, कुणी येणार नाही. जुलैत ठेवा, पावसात चामडं वाळत नाही, सगळ्या घरीच असतात. आणि दुपारी तीनला, पाचच्या आत सोडा.

कापशीचं_पायताण

जुलै बरोबर हाय. आईला घेऊन येतो.