शाळा व्यवस्थापन समिती: हात वर करून की चिठ्ठी टाकून?

कृष्णाकाठ
सातारा-सांगलीकडच्या अनेक जिल्हा परिषद शाळांत समिती 'बिनविरोध' होते. पालकसभेत एक नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, दहा मिनिटांत काम उरकतं. ज्याच्या रानात मजुरीला जायचं, त्याच्या नावाला हात कोण वर करणार नाही? शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २१ स्पष्ट आहे: तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. हे प्रमाण कागदावर जुळवता येतं. सभेत तोंड उघडायची मुभा कुणाला, हे मात्र इतिवृत्तात दिसत नाही. म्हणून गुप्त मतदान हवं, आणि तेही इयत्तावार. सगळ्यांची मोजणी एकत्र केली की मोठी भावकी सगळ्या जागा घेऊन जाते. आधी पटावरून प्रमाण काढून जागा ठरवा, मग नोटीस वस्तीवर जाऊन वाचून दाखवा. नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून भागत नाही.

माणदेशी
अजिबात पटत नाही. पट अठराचा आणि घरं बारा असतील, तर कुणी कुणाला मत दिलं हे संध्याकाळपर्यंत पारावर कळतं. ग्रामपंचायतीचे गट शाळेत शिरतात आणि हरलेला गट पुढं शाळेकडं फिरकत नाही. त्याची झळ सदस्य-सचिव म्हणून मुख्याध्यापकाला बसते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढून सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. तो प्रश्न तेव्हाच्या गावांत मताला टाकला असता तर ती पंगत बसलीच नसती. काही गोष्टी मुख्याध्यापकानं ठामपणे करायच्याच असतात: पोषण आहाराची पंगत हजेरीच्या क्रमानं, झाडलोटीच्या पाळीत मुलगे-मुली दोघं, बाकांची अदलाबदल दर सोमवारी.

कृष्णाकाठ
पंगतीचा मुद्दा मान्य. समान वागणूक मतावर सोडायची नाहीच. पण ठाम मुख्याध्यापकाची बदली झाली की पुढं काय? ती पाळी समितीच्या ठरावात आणि शाळा विकास आराखड्यात लिहिलेली नसेल तर महिन्याभरात मोडते. डॉ. आंबेडकरांचा साताऱ्यातला शाळाप्रवेश ७ नोव्हेंबर १९०० चा, म्हणून तो दिवस विद्यार्थी दिवस. त्या दिवशी भाषणांऐवजी समितीनं बैठक-व्यवस्था आणि पाण्याची जागा तपासून नोंद करावी.

खडू-फळा
दोघंही मुलांना विसरताय. शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक नीट घेतली तर पहिलीतलं मूलही गुप्त मत देतं. प्रत्येक उमेदवाराचा एक डबा, त्यावर चित्र, झाकणाला भोक, डबे पडद्याआड, प्रत्येकाला एकच हरभरा. डब्यात तळाला कापड घाला. नाहीतर दाणा पडल्याचा आवाज येतो आणि बाहेरची पोरं डबा ओळखतात. मुख्यमंत्री वर्षभर एकच ठेवला तर दांडगा मुलगा मक्ता घेतो, म्हणून खाती दर महिन्याला फिरवावीत. आणि मोबाइलवरची जातीधर्माची पोस्ट वर्गात आली, तर ती दाबू नका. कुणी लिहिली, कधीची, पुरावा काय, हे तीन प्रश्न फळ्यावर घ्या. एखाद्या मुलाकडं बोट दाखवून 'तुमच्यात काय म्हणतात' असं मात्र विचारू नका. त्या वयात पोर कायमचं गप्प बसतं.

वाळव्याकडचे
मतदान असो वा सहमती, सभेची तारीख चुकली तर दोन्ही फुकट. जतकडचे पालक दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, म्हणजे सभा जून-जुलैतच हवी. उलट आमच्याकडं साखर कारखान्याचं गळीत सुरू झालं की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. दाखल्याविना त्यांच्या मुलांना प्रवेश द्यावाच लागतो, पण जूनमध्ये झालेल्या समितीत त्यांचं कुणीच नसतं.

माणदेशी
मग टोळी आणणाऱ्या मुकादमाला निमंत्रित करा, भाषाही कळेल.

वाळव्याकडचे
मुकादम नको. पालक त्याच्याच उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत, बांधलेले असतात, त्याच्यासमोर तक्रार कोण करणार? टोळीतल्या दोन आयांना बोलवा, आणि बैठक फडातून परतल्यावर, रात्री आठनंतर, त्यांच्या खोपीपाशी घ्या.