चालू सामन्यावरची पैज: फायटिंग गेम कळणाऱ्याला खरोखर फायदा होतो का?

टेम्सकाठचा (धागाकर्ता)

मी बरीच वर्षे लंडनमध्ये राहतो. इथे परवानाधारक बुकीकडे अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही पैज लावता येते, त्यामुळे माझ्यापुरता हा प्रश्न कायद्याचा नाही. भारतातल्या वाचकांची परिस्थिती वेगळी आहे, त्याविषयी जाणकारांनी जरूर लिहावे. मला चर्चा हवी आहे ती एका नेमक्या मुद्द्यावर: 'स्ट्रीट फायटर ६' किंवा 'टेकन ८' यांसारख्या, दोन पात्रांच्या लढतीच्या व्हिडिओ खेळांचे सामने चालू असताना जे भाव बदलत जातात, ते खेळ समजणाऱ्या प्रेक्षकाला चुकीचे ठरवता येतात का? माझ्या मते येतात. नेहमी नाही, पण काही ठराविक प्रसंगी नक्कीच.

बहुतेकांचे लक्ष हेल्थ बारवर (पात्राचे उरलेले आयुष्य दाखवणाऱ्या पट्टीवर) आणि गुणफलकावर असते, आणि माझा समज असा आहे की भावही प्रामुख्याने गुणफलकावरच हलतात. स्ट्रीट फायटर ६ मध्ये (जिथे दोन राउंड जिंकले की एक गेम) प्रत्येक राउंडला ड्राइव्ह गेज, म्हणजे खास चालींच्या ऊर्जेचा साठा, पुन्हा पूर्ण भरलेले मिळते, पण सुपर गेज, म्हणजे 'सुपर' या सर्वांत जबर हल्ल्यासाठीचा साठा, मात्र आधीच्या राउंडमधून जसेच्या तसे पुढे येते. म्हणजे पहिला राउंड हरलेल्या खेळाडूकडे तिसऱ्या पातळीचा सुपर तयार आहे आणि जिंकलेल्याने आपला साठा शेवटच्या कॉम्बोत (जोडून मारलेल्या फटक्यांच्या मालिकेत) उधळला आहे, अशी स्थिती वारंवार येते. फलकावर तो १-० ने मागे दिसतो. प्रत्यक्षात पुढच्या राउंडची सुरुवात तो वरचढ स्थितीत करत असतो.

दुसरी गोष्ट पात्रबदलाची. बहुतेक मोठ्या स्पर्धांत गेम जिंकलेल्याला आपले पात्र कायम ठेवावे लागते आणि हरलेल्याला ते बदलता येते. एखाद्या खेळाडूने खिशात दुसरे पात्र राखून ठेवले आहे, हे त्याचे सामने पाहणाऱ्याला ठाऊक असते. भाव ठरवणाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही.

आता थोडे गणित. समजा, एक खेळाडू प्रत्येक गेम जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. पाच गेमच्या सेटमध्ये, म्हणजे आधी तीन गेम जिंकेल तो विजेता या हिशेबाने, सुरुवातीला त्याच्या विजयाची शक्यता सुमारे ६८ टक्के असते. पहिला गेम हरल्यावर तीच ४७.५ टक्क्यांवर येते, म्हणजे रास्त भाव (जिंकल्यास एका रुपयामागे मुद्दलासह परत मिळणारी रक्कम) साधारण १.४६ वरून २.१० वर जातो. पण तो पहिला गेम त्याने प्रतिस्पर्ध्याच्या सवयी ताडून पाहण्यात खर्च केला असेल, आणि शेवटच्या राउंडमध्ये त्याला उत्तर सापडल्याचे आपल्याला दिसले असेल, तर ४७.५ हा आकडा कमी आहे. माझी पद्धत एवढीच आहे: बलवान खेळाडू पहिला गेम हरला, आणि हरतानाही तो सुधारत होता, तरच पैज. एरवी हात बांधून बसायचे.

वामन गणिती

धागाकर्त्यांचे आकडे बरोबर आहेत आणि निष्कर्ष त्याच आकड्यांमुळे चुकला आहे.

आपण ६० टक्के गृहीत धरले तेव्हा ०-१ पिछाडीवरची शक्यता ४७.५ आली. आता ६० च्या जागी ६५ घालून पाहा: उत्तर ५६ टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणजे मूळ अंदाजातल्या पाच टक्क्यांच्या फरकाने ती पैज तोट्याची की फायद्याची हे ठरते. बुकी तुम्हाला रास्त २.१० कधीच देणार नाही. आपली कसर कापून तो १.९५ च्या आसपास देईल, आणि १.९५ ला केवळ बरोबरी साधण्यासाठी ५१.३ टक्के शक्यता लागते. म्हणजे तुमच्या खेळाडूची शक्यता ६० आहे की ६५, हे तुम्हाला खात्रीने सांगता आले पाहिजे. ते कशावरून सांगणार? दोन अव्वल खेळाडू वर्षभरात समोरासमोर किती वेळा येतात? मोजून काही सेट. त्यातही खेळाची नवी आवृत्ती आली की जुने निकाल निम्मे बाद होतात. मे २०२४ मध्ये स्ट्रीट फायटर ६ मध्ये अकुमा हे नवे पात्र आले आणि त्याच वेळी बहुतेक पात्रांमध्ये बदल झाले. त्याआधीच्या निकालांवरून त्यानंतरचे टक्के काढणे म्हणजे गेल्या वर्षीच्या पावसावरून या वर्षीची पेरणी करणे.

दोघेही तुल्यबळ असताना दोन्ही बाजूंना १.८५ भाव दिसतो, तिथे शक्यतांची बेरीज १०८ टक्के होते. वरचे आठ टक्के कोणाच्या खिशात जातात, हे वेगळे सांगायला नको. आणि सामना चालू असताना ही कसर सहसा वाढते, कारण बुकीलाही भीती असतेच.

धागाकर्ता

वामनराव, पाच टक्क्यांचा मुद्दा मान्य. पण तोच मुद्दा उलटाही लागू होतो: त्या पाच टक्क्यांचा अंदाज बुकीलाही नसतो. फुटबॉलमध्ये त्याच्याकडे दशकांचे आकडे आहेत, इथे नाहीत. दोघेही अंधारात असतील तर ज्याच्या हाती कंदील आहे त्याला थोडे जास्त दिसणारच.

कोपऱ्यातला झांगीफ

मी मुंबईत राहतो, पैज लावत नाही, पण स्पर्धांत खेळतो. त्यामुळे दोघांनाही थोडे छेडतो.

कंदिलाचा मुद्दा खरा आहे आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण पाकिस्तानच्या अर्सलान अॅश या टेकन खेळाडूचे आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत फुकुओका इथे झालेली इव्हो जपान स्पर्धा (इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेची जपानी आवृत्ती) त्याने जिंकली, तेव्हा कोरिया आणि जपानच्या बाहेर टेकनचे असे काही असू शकते हे जगातल्या बहुतेक प्रेक्षकांच्या ध्यानीमनीही नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इव्होच्या अंतिम फेरीत त्याने कोरियाच्या 'नी' या खेळाडूला हरवले. लाहोरच्या अड्ड्यांवर खेळणाऱ्यांना त्याची ताकद आधीच माहीत होती. बाकीच्या जगाला ती निकालातून कळली. पण धागाकर्त्यांनी हेही पाहावे की ही माहिती स्पर्धेच्या आधीची होती. चालू सामन्यात निरखून मिळवलेली ती नव्हती.

चालू सामन्याची अडचण अगदी साधी आहे. आपण जे पाहतो ते आत्ताचे नसते. सभागृहातला प्रेक्षक राउंड संपल्यावर टाळ्या वाजवून खाली बसतो, तेव्हा घरच्या पडद्यावर तोच राउंड अजून चालू असतो, कारण प्रक्षेपण काही सेकंद मागे असते. हा खेळ सेकंदाला ६० फ्रेमच्या (पडद्यावर बदलणाऱ्या चित्रांच्या) वेगाने चालतो आणि एक राउंड कधी कधी अर्ध्या मिनिटात आटोपतो. त्यात तुम्ही सुपर गेज पाहणार, विचार करणार, बटण दाबणार. मग बुकी ती पैज स्वीकारायला आणखी काही सेकंद घेणार आणि तेवढ्यात भाव हलला तर सरळ नाकारणार. सभागृहात बसलेल्या कोणाचा फोन चालू असेल तर तो तुमच्या भविष्यकाळात बसला आहे, आणि तुम्ही त्याच्याशी पैज लावत आहात. म्हणून सुपर गेजचे निरीक्षण कितीही सुंदर असले तरी राउंडच्या मधोमध त्याचे पैशात रूपांतर होत नाही.

धागाकर्ता

हे मला मान्य करावे लागेल. राउंडच्या दरम्यानचा मुद्दा मी मागे घेतो. दोन गेमच्या मधला खंड, जेव्हा हरलेला खेळाडू पात्र बदलायचे की नाही याचा विचार करत असतो, तेवढीच फट मग उरते. मात्र ती उरतेच.

नवा भिडू

एवढे गणित कशाला? फायटिंग गेममध्ये पुनरागमन कधीही होते. हरत असलेल्यावर मोठा भाव मिळतो, तो घ्यावा. दायगोचा व्हिडिओ कोणी पाहिला नाही का?

वामन गणिती

पाहिला आहे, आणि तो पाहूनच अनेकांचे खिसे रिकामे होत असावेत. २००४ च्या इव्होमध्ये 'थर्ड स्ट्राइक' या जुन्या स्ट्रीट फायटरच्या सामन्यात जपानच्या दायगो उमेहाराच्या केन या पात्राकडे एका फटक्याचेही आयुष्य उरले नव्हते. प्रतिस्पर्धी जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राने सुपर टाकला आणि दायगोने त्याचे पंधराच्या पंधरा फटके एकामागून एक परतवून तो राउंड जिंकला. त्या क्षणी भाव असता तर तो दायगोवर प्रचंड मोठा असता, यात शंका नाही. पण तो लूझर्स ब्रॅकेटचा, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या गटाचा, अंतिम सामना होता. त्यानंतरच्या महाअंतिम सामन्यात तोच दायगो जपानच्याच केओ या खेळाडूकडून हरला. तो व्हिडिओ कोणी पाठवत नाही. तसेच, तितकेच आयुष्य उरलेले असताना जे हजारो खेळाडू पुढच्याच फटक्यात बाद झाले, त्यांचे व्हिडिओ कोणी जपूनच ठेवलेले नाहीत.

महाअंतिम सामन्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो: लूझर्स ब्रॅकेटमधून आलेल्याला विजेतेपदासाठी सलग दोन सेट जिंकावे लागतात. दोघे तुल्यबळ असतील तर त्याची शक्यता २५ टक्के. पहिला सेट जिंकला की ती ५० होते. 'आता त्याला लय सापडली आहे' म्हणून प्रेक्षक तिला ७० समजतात. लय हा शब्द ऐकला की मी पाकीट आतल्या खिशात ठेवतो.

अनुराधा

इतका वेळ सगळे असे गृहीत धरून बोलत आहेत की दोन्ही खेळाडू जिंकण्यासाठीच खेळत आहेत. माझा आक्षेप तिथेच आहे.

या स्पर्धा खुल्या असतात. २०२३ च्या इव्होमध्ये एकट्या स्ट्रीट फायटर ६ साठी सात हजारांहून अधिक खेळाडूंनी नावे नोंदवली होती. त्यांतल्या पहिल्या आठांना सोडले तर बहुतेकांना प्रवासखर्चही सुटत नाही. अशा खेळाडूसाठी एका गेमवर लागलेली रक्कम बक्षिसापेक्षा मोठी ठरू शकते. आणि इथे संघ नाही, सहकारी नाहीत. एकट्याने एक अडवणूक दोन फ्रेम उशिरा केली की काम झाले, आणि ते जाणूनबुजून केले की चुकून, हे वामनरावांनाही सांगता येणार नाही. ही कल्पनाविलासाची गोष्ट नाही. 'स्टारक्राफ्ट २' हाही एकास एक खेळ. त्याचा जगज्जेता राहिलेला ली सुंग-ह्युन याला ठरवून सामने हरल्याबद्दल २०१६ मध्ये दक्षिण कोरियाच्या न्यायालयाने दोषी ठरवले. फायटिंग गेमच्या मंडळींत तर जुन्या काळापासून मित्रामित्रांनी बक्षीस आधीच वाटून घ्यायचे आणि मग अंतिम सामना मजेत खेळायचा, असा प्रकार अधूनमधून होत आला आहे. त्यात कोणाला फसवण्याचा हेतू नसे, पण बाहेर त्या सामन्यावर पैसा लागला असेल तर फसवणूक आपोआप होते.

धागाकर्ते म्हणतात की पहिला गेम हरताना खेळाडू 'सुधारत होता' हे त्यांना दिसते. मला इतकेच विचारायचे आहे की तो मुद्दाम हरत होता, हेही त्यांना दिसेल का?

आणि भारताबद्दल: ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. त्यात ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता आहे, पण ज्यावर पैज नाही त्यालाच. पैशांचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे.

कोपऱ्यातला झांगीफ

अनुराधाताई, पहिल्या भागाशी शंभर टक्के सहमत. कायद्याबाबत एक खटकते. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले, म्हणून महालक्ष्मीला जाऊन पैज लावता येते. माझ्या बोटांचे कौशल्य घोड्याच्या टापांपेक्षा कमी कसे?

अनुराधा

कमी कोणीच म्हटलेले नाही. नव्या कायद्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही. ऑनलाइन पैसे लावून जिंकण्याची अपेक्षा आहे की नाही, एवढेच तो पाहतो. शिवाय तुमचे कौशल्य आणि तुमच्यावर पैज लावणाऱ्याचे कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हांगझोऊच्या आशियाई खेळांत २०२३ मध्ये 'स्ट्रीट फायटर ५'ला पदकाचा दर्जा मिळाला आणि चाळिशी ओलांडलेल्या किम ग्वान-वूने सुवर्णपदक जिंकले, ते पैजेविनाच.

धागाकर्ता

मुद्दाम हरणे मला दिसेल का, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर 'नाही' हेच आहे. मोठ्या स्पर्धांच्या पहिल्या आठांपलीकडे मी पैज लावत नाही, इतकाच माझा बचाव, आणि तो अपुरा आहे हे मला कळते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती, ती आता सांगतो. वर्षभर मी एका वहीत पैजा लिहून ठेवल्या. जिंकलेल्या पैजांपुढे कारणे सविस्तर आहेत: कोणी काय ताडले, कुठल्या राउंडला. हरलेल्यांपुढे बहुधा 'दुर्दैव' एवढेच लिहिलेले आहे. वामनरावांचा प्रतिसाद वाचून ती वही पुन्हा काढली, तेव्हा पहिल्यांदाच लक्षात आले की मी टक्केवारी कुठेही आधी लिहिलेली नाही. सगळे समर्थन निकालानंतरचे आहे.

वामन गणिती

मग पुढच्या स्पर्धेला एवढेच करा. पहिला गेम संपला की पात्रनिवडीचा पडदा दिसेपर्यंत तुमचा टक्का लिहा, शेजारी बुकीचा भाव लिहा, आणि पैसे लावू नका. असे दोनशे सेट झाले की वही इथे आणा. बेरीज मी करतो.

धागाकर्ता

दोनशे सेट म्हणजे निदान दोन हंगाम होतील. पण चालेल. नवी वही आणली आहे.