'मंडईत जा, सुचेल' : हा सल्ला नेमका कुणाला?

रेघोटी : कालच्या धाग्यात एका ज्येष्ठ डिझायनरने लिहिलंय, 'सुचत नसेल तर पिंटरेस्ट बंद करा. मंडईत जा, एसटी स्टँडवर बसा, वारली चित्रं बघा. प्रेरणा आजूबाजूलाच पडलेली आहे.' वाचून डोकं फिरलं. सकाळी ब्रीफ (काय हवंय त्याची माहिती), संध्याकाळपर्यंत तीन पर्याय, रात्री क्लायंटचा फोन, 'जरा उठाव द्या.' मंडईत जायचं कधी? आणि जाऊन होतं काय? वांग्यांचा फोटो मूडबोर्डवर, म्हणजे कल्पनांच्या फलकावर, चिकटतो. मला तरी पानंच्या पानं खरडल्यावरच सुचतं.

बोरूवाला : वेळेचा राग एजन्सीवर काढा, मंडईवर कशाला? अक्षरकार कमल शेडग्यांनी रेखाटलेली नाटकांची शीर्षकं आठवा. पेपरातल्या जाहिरातीत नुसतं नाव बघून नाटकाची जातकुळी कळायची. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. 'रु'चा उकार खाली लागत नाही, अक्षराच्या कमरेला लागतो, त्यामुळे शेजारचं अक्षर ढकललं जातं. वडील रस्त्यातल्या पाट्यांसमोर थांबून बघायचे, कुणी तो कसा वळवलाय. जागा कमी असली की शिरोरेघ तशीच ठेवून ते उकार आखूड करत. हे खुर्चीत बसून सुचत नाही.

डहाणू_लोकल : वारलीचं नाव निघालंच आहे तर बोलतो. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, सुवासिनी काढतात. गेरूची भिंत, तांदळाचं पीठ, टोक ठेचलेली बांबूची काडी, मधोमध पालघाट देवी. तुम्ही त्यातली नाचणारी माणसं तेवढी उचलता आणि कुर्तीवर, कॅलेंडरवर, बिल्डरच्या लॉबीत चिकटवता. २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पाड्यावरच्या बाईला विचारतं कोण? 'पडलेली आहे' म्हणे! कुणाच्या तरी घरातली आहे ती.

रेघोटी : अहो, हा विषयच वेगळा आहे.

फिकागुलाबी : वेगळा कसा? पण कलेला कुंपण घालू नका. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे पुरुष असून चित्रं काढू लागले, चौक सोडून रोजचं जगणं कागदावर आणलं. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. रीत मोडली म्हणूनच ना?

डहाणू_लोकल : म्हसे घरचे होते. मासे धरायचं एक जाळं काढायला त्यांनी अख्खं चित्र खर्ची घातलं, एकेक बारीक रेघ हाताने. तुम्ही तयार व्हेक्टर, म्हणजे संगणकावरची चित्रं, विकत घेता. तुलना तरी करू नका.

फिकागुलाबी : सगळ्यांना चोर ठरवू नका! मी वारली चित्रकाराला पैसे देऊन एका पाकिटासाठी काम करून घेतलंय, ठरले त्याहून जास्त.

डहाणू_लोकल : नाव छापलंत?

फिकागुलाबी : पाकिटावर जागा नव्हती.

डहाणू_लोकल : बारकोडला होती ना?

फिकागुलाबी : ...पुढच्या छपाईत घालते. पण तुमची बोलायची पद्धत बरी नाही.

डहाणू_लोकल : नाव आलं की पद्धत सुधारतो.

रेघोटी : धागा माझा होता, असो. बोरूवाला, 'रु'चं तेवढं मान्य. सध्याच्या लोगोत मलाही तोच नडतोय, फॉन्टमधला बसतच नाही. पण यासाठी मंडई नको, तुमच्या वडिलांसारखा माणूस शेजारी बसायला हवा. आणि असा माणूस कामावर ठेवायला एकही एजन्सी तयार नाही, त्याबद्दल ज्येष्ठांनी कधी लिहिलंय?

बोरूवाला : नाही लिहिलं. फ्लेक्स आला आणि वडिलांचं काम बंद पडलं, तेव्हाही कुणी लिहिलं नव्हतं. लोगो पेन्सिलने काढून इथे टाका, फॉन्टमधला नको. वडिलांना दाखवतो.