मदत हवी आहे: पीएचपी ७.४ वरून ८.३ ला जाताना थकबाकीची यादी गंडतेय

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीची मेंटेनन्सची साईट आहे, वर्डप्रेस वगैरे नाही, साधं हाताने लिहिलेलं पीएचपी आणि मायएसक्यूएल. ७.४ चा सपोर्ट २०२२ च्या नोव्हेंबरातच संपलाय, होस्टिंगवालेही मागे लागलेत.

सबडोमेनवर कॉपी टाकून सीपॅनलमधून (होस्टिंगचं कंट्रोल पॅनल) तिथेच फक्त ८.३ केलं. लाईव्ह साईट अजून ७.४ वरच आहे आणि डेटाबेसचा बॅकअप घेतलाय, त्यामुळे ते विचारू नका. पावतीची पीडीएफ बनवणारी टीसीपीडीएफ लायब्ररी जुनी होती, तिच्या कोडमधल्या महिरपी कंसांवर फेटल एरर देत होती, ती नवीन टाकली, ८ मध्ये काढून टाकलेल्या each() च्या जागी foreach केलं, ते सगळं सुटलं.

खरी डोकेदुखी म्हणजे जिथे एररच येत नाही. थकबाकीचा कॉलम व्हारचार (म्हणजे आकडा नाही, मजकूर) आहे, ज्यांचं काही बाकी नाही त्यांचा रिकामा, आणि कोडमध्ये == 0 असेल तर यादीतून वगळा असं लिहिलंय. पीएचपी ८ पासून रिकामी स्ट्रिंग (मजकूर) शून्याबरोबर जुळत नाही, ७.४ मध्ये जुळायची, त्यामुळे पैसे भरलेले लोकही थकबाकीदार दिसतायत, चेअरमनसकट! ही एक जागा दुरुस्त केली पण असले == ढिगाने आहेत, आणि नव्या आवृत्तीत न चालणारा कोड शोधणाऱ्या पीएचपी कम्पॅटिबिलिटी स्निफरने यातलं काहीच पकडलं नाही.

शेअर्ड होस्टिंग आहे, एसएसएच (सर्व्हरवर कमांड चालवायची सोय) नाही, पण लॅपटॉपवर काहीही चालवू शकतो. सरसकट === (डेटाचा प्रकारही जुळलाच पाहिजे अशी तुलना) करायची भीती वाटते कारण डेटाबेसमधून आकडे स्ट्रिंग म्हणूनच येतात. तर नेमक्या धोक्याच्या तुलना शोधायला पीएचपीस्टॅन (कोड तपासणारं टूल) किंवा रेक्टरमध्ये (कोड आपोआप बदलणारं टूल) कुठला नियम लावायचा, की आधी कॉलमच डेसिमल (आकड्यांचा) करून रिकाम्या जागी ० भरणं बरं?