ऑफिसला राउटर कुठला घ्यायचा? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी, ए-३०२: नमस्कार मंडळी. ऑफिसमधला राउटर काल पुन्हा बंद पडला. गेटवरचं व्हिजिटर ॲप अडकलं, कॅमेरे मोबाइलवर दिसेनात, अभ्यासिकेतली मुलं ऑफिसच्या दारात येऊन उभी. इंटरनेटच्या लाइनबरोबर मिळालेला तो घरगुती डबाच आपण इतकी वर्षं चालवतोय. रविवारी कमिटीची मीटिंग आहे. ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरूर लिहा.

ए-६०१: आमच्या कंपनीने एक ऑफिस रिकामं केलं तेव्हा काही सामान रीतसर पावती करून आम्हाला दिलं. त्यातला सिस्को कंपनीचा १९४१डब्ल्यू राउटर माझ्याकडे आहे. वायफायसकट, चालू स्थितीत. सोसायटीला तसाच देतो, पैसे नकोत.

खजिनदार, डी-२०३: वा, मग प्रश्नच मिटला! लिफ्टच्या एएमसीचं बिल तोंडावर आहे, त्यात हा खर्च वाचला तर बरंच.

बी-५०२: ताई, जुनं नको. आता आठ अँटेनावाले गेमिंग राउटर मिळतात, एकदम रेंज. माझ्या मित्राकडे आहे, बेसमेंटपर्यंत चालतो.

बी-७०४: जरा सविस्तर लिहितो, कारण माझं रोजचं काम हेच आहे.

६०१ वाले काका, आधी तुमचे आभार. १९४१ फार सचोटीने बनवलेलं यंत्र आहे. धातूची बॉडी, पॉवर सप्लाय आतच, जास्तीची कार्डं घालायला दोन खाचा, सॉफ्टवेअर काढता-घालता येणाऱ्या कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डवर, आणि सेटिंग बिघडलं तर आत शिरायला वेगळा कन्सोल पोर्ट. त्यातलं वायफायसुद्धा उगाच डकवलेलं नाही. आत अख्खा स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारं यंत्र) बसवलाय, त्याचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि राउटरशी तो आतल्या आत गिगाबिटने जोडलेला. घरगुती डब्यात असलं काही पाहायला मिळत नाही.

पण आपल्या कामाला तो नको, असं माझं स्पष्ट मत आहे. अंगचे नेटवर्क पोर्ट दोनच. आपल्याला दोन इंटरनेट लाइन लावायच्या आहेत, म्हणजे दोन्ही तिथेच संपले. कॅमेरे आणि ऑफिस जोडायला वेगळं स्विच कार्ड, म्हणजे जास्तीचे पोर्ट देणारं कार्ड, शोधत बसावं लागेल. दुसरं म्हणजे वेग. नॅट (एकाच लाइनवर सगळ्यांना इंटरनेट वाटून देणं), फायरवॉल वगैरे सगळं चालू धरून सिस्कोने स्वतःच हे मॉडेल २५ एमबीपीएसच्या लाइनसाठी सुचवलं होतं. प्रत्यक्षात त्याहून जास्त ओढतो, मी ओढलेला पाहिलाय, पण आपली लाइन २०० ची आहे. वायफाय ८०२.११एन, म्हणजे आजच्या हिशोबात वायफाय ४. डब्ल्यूपीए३, म्हणजे वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, त्यात नाही. आणि कंपनीचा सपोर्ट २०२३ मध्ये संपला. म्हणजे उद्या त्यात सुरक्षेची एखादी भेग सापडली तर ती कुणी बुजवणार नाही. जे यंत्र थेट इंटरनेटला तोंड देऊन उभं राहणार, त्याच्या बाबतीत मला हे अजिबात चालणार नाही.

ए-६०१: पटलं. सपोर्ट संपल्याचं मला ठाऊक नव्हतं. मग तो डबा पडून राहील त्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडला तर बघा.

डी-४०४: काका, मला द्याल का प्लीज? मी सीसीएनएची, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंगच्या परीक्षेची, तयारी करतेय. आतापर्यंत सगळं सिम्युलेटरवरच केलंय, खरा राउटर हातात घेतलेलाच नाही.

बी-७०४: हिलाच द्या काका. परीक्षेसाठी याहून चांगलं खेळणं नाही. सोबत निळी चपटी कन्सोल केबल असेल तर तीही द्या. नसली तरी मिनी यूएसबीने काम होतं. पोरी, कन्सोलचा स्पीड ९६०० ठेव, आणि आतल्या ॲक्सेस पॉइंटमध्ये राउटरमधूनच शिरायचं असतं, ते करून बघ. अडलीस तर ये घरी.

ए-६०१: दिला. संध्याकाळी घेऊन जा बेटा, वजनदार आहे, भावाला आण.

खजिनदार, डी-२०३: छान झालं. पण मग खर्च आलाच. नवा कुठला आणि का, ते साध्या भाषेत सांगा, मला कमिटीपुढे मांडायचंय. ५०२ म्हणतोय तो आठ अँटेनावाला का नको?

बी-७०४: ताई, खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे ते आधी सांगतो. "एएक्स ३०००" लिहिलेलं असतं ती दोन रेडिओंच्या वेगांची, एमबीपीएसमधली, बेरीज असते. २.४ गिगाहर्ट्झचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे २४०२. कुठलाही एक मोबाइल दोन्हींवर मिळून ३००० घेत नाही. शिवाय ते २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल लागतो, मोबाइललाही तो यावा लागतो, आणि आपल्यासारख्या चार विंगच्या सोसायटीत, जिथे प्रत्येक घरात एक राउटर ओरडतोय, तेवढी मोकळी जागा हवेत मिळणं अवघड. २.४ मध्ये तर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११.

अँटेना आठ असल्या म्हणून सिग्नल आरसीसीच्या भिंतीतून आठपट जात नाही. शिवाय राउटरचं ऐकू गेलं तरी मोबाइलचं उत्तर परत यायला हवं ना, आणि मोबाइलची अँटेना आहे तेवढीच आहे. म्हणून बेसमेंटमध्ये वायफाय हवं असेल तर बेसमेंटमध्ये ॲक्सेस पॉइंट लावायचा. ऑफिसमधून तिथवर ढकलायचं नाही.

बी-५०२: ओके दादा. पण मग राउटरमध्ये वायफाय असलेला घ्यायचाच कशाला?

बी-७०४: रास्त प्रश्न. क्लब हाऊससाठी मुळीच नको, तिथे छताला वेगळा ॲक्सेस पॉइंट. पण आपलं ऑफिस आणि अभ्यासिका यांत एकच पातळ पार्टिशन आहे. राउटर ऑफिसात बसला की त्याच्याच वायफायवर दोन्ही खोल्या भागतात. तेवढ्यासाठी अंगचं वायफाय असलेला घ्यावा.

मी मायक्रोटिकचा एचएपी एएक्स३ सुचवतो. ही लाटव्हियाची कंपनी आहे, आपल्याकडचे बरेच लोकल केबल-इंटरनेटवाले यांचीच यंत्रं वापरतात, त्यामुळे हात घालणारा माणूस पुण्यात सहज मिळतो. आत चार कोअरचा प्रोसेसर, १ जीबी रॅम. पाच नेटवर्क पोर्ट, त्यातला एक २.५ गिगाबिटचा, बाकी चार १ गिगाबिटचे. वायफाय ६, दोन बाहेरच्या अँटेना. यूएसबी ३ चा पोर्ट आहे. दोन्ही लाइन एकदम गेल्या तर त्यात ४जी डोंगल लावता येतो, गेटचं ॲप तेवढ्यावर चालेल.

खरं महत्त्वाचं म्हणजे त्यातला कुठलाही पोर्ट कुठल्याही कामाला लावता येतो. घरगुती डब्यात एक निळा पोर्ट इंटरनेटचा, बाकीचे पिवळे, संपलं. इथे पहिली लाइन एकावर, दुसरी दुसऱ्यावर, कॅमेरे तिसऱ्यावर, असं आपण ठरवायचं. कॅमेऱ्यांचं जाळं, ऑफिसचं आणि अभ्यासिकेचं अशी तीन वेगळी ठेवायची. अभ्यासिकेत बसलेल्या कुणाच्या लॅपटॉपवरून कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरपर्यंत पोचता येता कामा नये. आज येतं. मी स्वतः तपासलंय, आणि मला ते फार खटकतं. आपल्या मुली रात्री जिन्याने ये-जा करतात त्याचं ते चित्रण आहे.

सेक्रेटरी, ए-३०२: हे आजच कळतंय. तात्पुरतं काही करता येईल का?

बी-७०४: आज संध्याकाळी रेकॉर्डरचा पासवर्ड बदलू आणि अभ्यासिकेचं वायफाय वेगळ्या गेस्ट नेटवर्कवर टाकू. पक्का बंदोबस्त नवा राउटर आल्यावर.

सी-१०१: मी वीज खात्यात उभी हयात काढली, म्हणून थोडं लिहितो. राउटर कुठलाही आणा, पण गेल्या पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हा डी विंगचे दोन कॅमेरे आणि नेटवर्कचा स्विच का गेले याचा विचार कुणी केलाय का? ऑफिसपासून डी विंगपर्यंत बागेच्या कडेने तांब्याची नेटवर्क केबल गेली आहे. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं. जवळपास वीज पडली की दोन्ही अर्थिंगमध्ये काही क्षण मोठा फरक पडतो, आणि तो फरक भरून निघायला वाट कुठली, तर ती बारकी केबल. मग तिच्या दोन टोकांना जे काही असेल ते जळणार. नवा राउटरही जळेल.

बी-७०४: काका, अगदी नेमकं बोललात. तिथे तांबं नकोच, ऑप्टिकल फायबर टाकू. काचेतून सर्ज, म्हणजे विजेचा अचानक झटका, जात नाही. फक्त केबल घेताना आत लोखंडी तार किंवा पत्र्याचं कवच नसलेली बघून घ्यायची, नाहीतर त्याच तारेवाटे सर्ज आत यायचा. दुसरं असं की तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. ऑफिस ते डी विंग वळणं धरून त्यापलीकडे जातं, म्हणूनच तिकडच्या कॅमेऱ्यांचं कनेक्शन अधूनमधून तुटतं असा माझा अंदाज आहे.

एक उणीव इथेच सांगून ठेवतो. एएक्स३ मध्ये फायबरसाठी एसएफपीची खाच नाही. म्हणून ती स्विचमध्ये घ्यायची. ऑफिसात एसएफपीच्या दोन खाचा असलेला पीओई स्विच, डी विंगला तसाच छोटा. राउटरवर त्याचं ओझं टाकायचं नाही.

खजिनदार, डी-२०३: पीओई म्हणजे केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज, बरोबर? मग राउटरमध्येही पीओई आहे असं मी आत्ता वाचलं. वेगळा स्विच कशाला?

बी-७०४: ताई, वाचलंत हे बरं केलंत, कारण नेमकी इथेच फसगत होते. पीओईचा ठरलेला नियम आहे. ८०२.३एएफ म्हणजे देणाऱ्या टोकाला १५.४ वॅटपर्यंत, एटी म्हणजे ३० वॅटपर्यंत. देणारा आधी समोरच्याला विचारतो, तू घेणारा आहेस का, किती लागेल, आणि मगच वीज सोडतो. एएक्स३ हा स्वतः त्या नियमाने वीज घेऊ शकतो, पण देताना एकाच पोर्टवर देतो आणि तीही पॅसिव्ह. जे व्होल्टेज आत येतं तेच न विचारता पुढे. सोबतच्या ॲडॉप्टरवर ते २४ व्होल्ट असेल. आपले कॅमेरे एएफचे, त्यांना ४८ च्या आसपास लागतं. ते चालूच होणार नाहीत. म्हणून राउटरच्या पीओईकडे बघायचंच नाही, कॅमेऱ्यांना स्विच.

सी-१०१: आणि लाइट गेल्यावर?

बी-७०४: राउटरवर १२ ते २८ व्होल्ट डीसी लिहिलंय. बाजारातला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावायचा मोह होईल, पण ते अगदी काठावर बसतं, बॅटरी थोडी उतरली की राउटर गेला. ऑफिसचा इन्व्हर्टर आहे, राउटर आणि स्विच दोन्ही त्यावर घ्यावेत. राउटर एकटा दहा-पंधरा वॅटच्या आत. तुलनेसाठी, तो १९४१ कार्डं न घालताही ३५ वॅटच्या आसपास खातो. वर्षाला ३०० युनिट नुसते त्याचे झाले असते.

बी-५०२: दादा, एक विचारू? माझा भाऊ दिवाळीला अमेरिकेतून येतोय. हाच तिकडून मागवला तर?

बी-७०४: नको रे. तिकडच्या बाजारासाठी बनवलेल्या यंत्राचं वायफाय तिकडच्याच नियमांवर कुलूपबंद असतं, देश बदलता येत नाही. वॉरंटीचाही घोळ. इथूनच बिलावर घेऊ.

आता केबलबद्दल, आणि याबाबतीत मी हट्ट धरणार आहे. मागे ज्यांनी आपल्याकडे कॅमेरे बसवले त्यांनी बिलात कॅट ६ (नेटवर्क केबलचा एक दर्जा) लावली. ऑफिसमागचा एक तुकडा मी कापून पाहिला. ब्लेडने तार हलकी खरवडली की वरचा तांबूस रंग निघतो आणि आत पांढरी चमक दिसते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बाजारात याला सीसीए म्हणतात. नुसत्या डेटाला कशीबशी चालते, पण पीओई त्यातून न्यायची म्हणजे विजेला रोध जास्त, वाटेत व्होल्टेज पडतं, केबल तापते. वाकवली तर तुटते. शेवटच्या कॅमेऱ्याचं चित्र रात्री जातं कारण रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त वीज ओढतो, आणि ती तिथवर पोचत नाही. टाकी कितीही मोठी बांधा, खाली पाइप अर्ध्या इंचाची असेल तर वरच्या मजल्याच्या नळाला धारच लागणार.

सेक्रेटरी, ए-३०२: म्हणजे राउटरपेक्षा केबलचा खर्च मोठा होणार.

बी-७०४: हो. पण सगळी एकदम बदलायला नको. पीओईच्या लांब ओळी आधी, ऑफिसातल्या आखूड नंतर. कोटेशनमध्ये "शुद्ध तांबे, सीसीए नाही" हे शब्द लिहून घ्या आणि खोकं उघडलं की माझ्यासमोर एक तार खरवडायची. पैसे त्यानंतर.

खजिनदार, डी-२०३: हे मी ठरावातच घालते. अजून एक, तो राउटर नेहमीसारखा त्या लाकडी कपाटात, फायलींच्या मागे ठेवू नका. मे महिन्यात त्या कपाटाला हात लावला तर चटका बसतो.

बी-७०४: ताई, बरोबर. यंत्र गरमी सोसतं, कंपनी ७० अंशांपर्यंत सांगते, पण तरी बंद कपाट नको. वायफायसुद्धा तिथे गुदमरतं, शेजारी लोखंडी तिजोरी आहे. पार्टिशनवर, डोक्याच्या वर, उघड्यावर लावू.

सेक्रेटरी, ए-३०२: तर रविवारी कमिटीपुढे असं मांडतो: वायफायसह एक बिझनेस राउटर, एसएफपीवाले दोन पीओई स्विच, डी विंगला फायबर, क्लब हाऊसला एक छताचा ॲक्सेस पॉइंट, आणि पीओईच्या लांब ओळींना नवी केबल. तीन ठिकाणची कोटेशनं. ७०४, तुम्ही यादी नीट लिहून द्या.

बी-७०४: रात्री टाकतो. पोर्ट, पीओई, एसएफपी, व्होल्टेज सगळं त्यात असेल. दुकानदाराने दुसरं मॉडेल सुचवलं तर तेच मुद्दे त्याच्याकडून लेखी घ्या.

सी-१०१: शनिवारी सकाळी आठला मी अर्थ टेस्टर घेऊन ए आणि डी विंगच्या अर्थिंगच्या खड्ड्यांपाशी येतो. दोन दिवस आधीपासून तिथे पाणी घालू नका, खरं रीडिंग मिळायला हवं. वॉचमनला सांगून झाकणं तेवढी मोकळी करून ठेवा.

डी-४०४: आजोबा, मीही येते. रीडिंग मी लिहून घेईन.