मदत हवी आहे: सोडलेला हेकरू पोट वर करून तरंगतो

खडपकर
मालवणबाहेर १५ वाव पाण्यात, खडकाळ तळावर जिगने (माशासारख्या दिसणाऱ्या धातूच्या आमिषाने) गरवतो. दीड-दोन किलोपर्यंतचे हेकरू (ग्रुपर मासे) परत सोडायचे ठरलंय, पण बरेचसे बुडतच नाहीत. पोट फुगलेलं, डोळे वटारलेले, तोंडातून गुलाबी फुगा बाहेर. शेपूट धरून पाच मिनिटं मागेपुढे हलवलं तरी सोडल्यावर आडवे, मग घारी उचलतात. खडपावरून (किनाऱ्याच्या खडकांवरून) धरलेला कोकर मासा मात्र दमलेला असला तरी निघून जातो. हेकरूला दम खायला जास्त वेळ द्यायचा का?

वाव_मोजणारा
हा दमाचा प्रश्नच नाही, हवेचा आहे. १५ वाव म्हणजे साधारण २७ मीटर. तिथला दाब वरच्या पावणेचारपट. हेकरू, तांब यांच्या हवेच्या पिशवीला (घोळीच्या बाबतीत जिला आपण बोत म्हणतो) घशाकडे वाट नसते. आतला वायू रक्तात विरायला तास लागतात आणि तुम्ही त्याला दोन मिनिटांत वर आणता.

हिशेब करा. ३ किलोच्या माशात पिशवी अंदाजे ५ टक्के, म्हणजे दीडशे मिली. वर येईपर्यंत त्याच वायूचे साडेपाचशे होतात. जादा चारशे मिली म्हणजे चारशे ग्रॅमचा उचल जोर. दमलेला मासा त्याविरुद्ध पोहून खाली जाणार कसा? उन्हात तुम्ही त्याला जितका वेळ हलवत बसाल तितकं नुकसान.

गरीवाला
तो फुगा सुईने फोडा, हवा निघते.

वाव_मोजणारा
अजिबात नको. तो फुगा म्हणजे उलटं होऊन बाहेर आलेलं जठर. त्याला भोक पाडलंत तर हवा तशीच राहते आणि जठराला जखम होते, एवढंच. टोचायचंच असेल तर पोकळ, १६ गेजची सुई. कुशीच्या पराच्या बुडामागे इंच-दीड इंचावर, खवल्याखालून, ४५ अंशांत तिरपी. सुसकारा ऐकू आला की थांबा. हात बसलेला नसेल तर आतडं-काळीज फाटतं, म्हणून मी हा दुसरा पर्याय धरतो.

पहिला पर्याय मासा खाली पोचवणं. मोठा गळ घ्या, टोकामागचा उलटा काटा पकडीने पूर्ण दाबून सपाट करा. दोरी गळाच्या डोळ्याला (दोरी ओवायच्या भोकाला) नाही, गळाच्या बाकाला बांधा. डोळ्याला एक-दीड किलो शिसं. गळ उलटा लोंबतो. टोक खालच्या ओठाच्या पातळ कातडीतून घाला आणि सलग खाली सोडा, मध्ये थांबू नका, नाहीतर मासा निसटून पुन्हा वर येतो. १० मीटरवर वायू जवळजवळ निम्मा होतो, पण जमलं तर तळापर्यंत न्या. तिथे दोरीला एक झटका दिला की गळ आपोआप सुटतो. डोळे वटारलेत म्हणून मासा मेलाच असं धरू नका. कॅलिफोर्नियाकडच्या खडकमाशांत पुन्हा दाबाखाली गेल्यावर डोळे बसलेले दिसले आहेत. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात असं साधन किंवा सुई बोटीवर तयार ठेवणं २०२२मध्ये कायद्याने सक्तीचं झालं होतं.

खडपकर
मग कोकराचं काय? तो जातो म्हणजे वाचला ना?

वाव_मोजणारा
गेला म्हणजे वाचला असं नाही. खडपाखालचं पाणी उथळ, त्यामुळे हवेची अडचण नाही, पण दमाची आहे. झुंजीत पांढरे स्नायू प्राणवायूविना चालतात, आम्ल साठतं आणि रक्तातलं ते प्रमाण सोडल्यानंतरही काही काळ वाढतच राहतं. सावरायला कित्येक तास जातात. तेवढ्यात मोठा मासा गाठतो. ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात प्राणवायू लिटरला जेमतेम ६.२ मिलिग्रॅम मावतो, २० अंशांना ७.४. म्हणून एप्रिल-मेमध्ये बारीक दोरीने अर्धा तास खेळवणं ही हौस माशाला महागात पडते. जाड दोरी लावा, लवकर आणा.

फोटोचंही तसंच. हवेत कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात. कॅनडात १९९२च्या प्रयोगात दमवलेल्या ट्राउटपैकी १२ टक्के मेले. त्यावर ३० सेकंद हवेत धरले तर ३८, मिनिटभर धरले तर ७२. तो गोड्या पाण्यातला मासा, आकडे कोकराला जसेच्या तसे लावू नका. पण कल्ले दोघांचे सारखेच चिकटतात. ओल्या हाताने, पाण्यातच गळ काढा. फडक्याने पुसू नका, बुळबुळीतपणा त्याचं कवच आहे. बादलीत तर ठेवूच नका.

सोडण्याआधी तीन गोष्टी बघा: शेपूट चिमटीत धरल्यावर झटकतो का, पाण्यात उलटा केल्यावर तीन सेकंदांत सरळ होतो का, कुशीवर वळवला तर बुबुळ डोळ्यात फिरतं का. एकही नसेल तर प्रवाहाकडे तोंड करून धरा. पुढे सरकवा, मागे ओढू नका, कल्ल्यांत पाणी उलटं शिरतं.

खडपकर
गळ घशात गेला असेल तर?

वाव_मोजणारा
खेचू नका. जमेल तितकी आत दोरी कापून सोडा. आमिष लावताना आत वळलेल्या टोकाचा गोल गळ वापरा, आणि मासा लागल्यावर हिसका देऊ नका, नुसती गिर्की (रीळ) फिरवा. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. हिसका दिलात तर गोल गळाचा काही उपयोग नाही.